डावीकडून पहिला

“माणसाला तोंड असतं म्हणून तो खोटं बोलतो, फोटोला कुठलं आलंय तोंड?”

हे वाक्य कुलूपने आपल्या बापाला ऐकवलं होतं. बाप तेव्हा खाटेवर होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला, वाक्य मात्र मागे राहिलं. कुलूपनेच ते शाळेत येऊन सांगितलं आणि शिक्षकांच्या खोलीत ते म्हणीसारखं फिरू लागलं. कुणाच्या रजेच्या अर्जातला ताप खोटा निघाला की कुणीतरी म्हणायचं, “अहो, आमचा कुलूप काय म्हणतो ठाऊक आहे ना?” मग वाक्य पुन्हा एकदा म्हटलं जायचं, आणि कुलूप कप गोळा करता करता मान खाली घालून हसायचा. आपल्या तोंडचं काही लोक पुन्हा म्हणतात याचं त्याला फार अप्रूप होतं.

तो शाळेचा शिपाई. सकाळी सात वाजता बावीस खोल्या उघडायच्या, संध्याकाळी बावीस खोल्यांना कुलपं लावायची. नव्या माणसाला वाटायचं, नाव त्यावरूनच पडलं असेल. पण नाव शाळेत येण्याआधीचं होतं, सहाव्या वर्षापासूनचं. ते त्याच्या बापाच्या कर्तृत्वावरून पडलं होतं.

ते कर्तृत्व शाळेच्या मधल्या व्हरांड्यात काचेआड टांगलेलं होतं. सेहेचाळीस वर्षांपूर्वी काडेपेट्यांच्या कारखान्याला आग लागली, त्या वेळचा फोटो. समोरच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर एका फोटोग्राफरचं दुकान होतं. त्याने खिडकीतून तो काढला. धुराने अर्धं आकाश खाल्लेलं. मधोमध लोखंडी फाटक, फाटकाला हाताच्या पंजाएवढं कुलूप. फाटकावर एक गोल घड्याळ, धुरात आकडे गेलेले, काटे तेवढे दिसतात. आणि फाटकापाशी दोन माणसं. दोघांच्या अंगावर पहारेकऱ्याचा कोट, दोघांच्या डोक्याला टोपी. दोघेही हलल्यामुळे चेहऱ्यांच्या जागी नुसते पांढरट डाग. डावीकडचा फाटकाला पाठ लावून, हात पसरून उभा, एका मुठीत किल्ल्यांचा जुडगा. उजवीकडच्याने दोन्ही हातांनी पहार उगारलेली, कुलपावर घालायला. खाली फोटोग्राफरच्या वहीतून उतरवून घेतलेली ओळ: ‘डावीकडून : दिवसपाळीचा पहारेकरी, रातपाळीचा पहारेकरी.’

आत एकोणीस जणी जळाल्या.

कुलूपचा बाप दिवसपाळीचा पहारेकरी होता.

झडती घेतल्याशिवाय एकही बाई बाहेर सोडायची नाही, असा मालकाचा हुकूम होता. चौकशीत हुकूम देणाऱ्याचं नाव आलं आणि वाहून गेलं. किल्ल्या धरणारा सापडला होता ना. रातपाळीचा पहारेकरी धुराने छाती भरून चौथ्या दिवशी वारला, एक अक्षर न बोलता. त्याच्या नावाने चौक झाला. दिवसपाळीचा जिवंत राहिला, आणि बोलत राहिला. “पाळी सातला बदलायची, पण तो त्या दिवशी घरी भांडून लवकर आला. मी किल्ल्या त्याला देऊन टाकल्या होत्या. पहार माझ्या हातात होती. मी त्या बाजूला नव्हतोच.” न्यायाधीशांनी फोटो बघितला. साक्षीला फोटोग्राफरला कुणी बोलावलं नाही. त्याचा फोटो आला होता, तेवढा पुरे. तोवर तो दुकान गुंडाळून दुसऱ्या शहरात गेलाही होता. फोटोतलं घड्याळ सहा वाजून दहा मिनिटं दाखवत होतं आणि आग लागली पावणेसहाला. म्हणजे हा माणूस पंचवीस मिनिटं किल्ल्या मुठीत धरून किंकाळ्या ऐकत उभा होता, असं निकालपत्रात आलं. चार वर्षांची शिक्षा झाली.

ती चार वर्षं बापाने तुरुंगात काढली आणि मुलाने रस्त्यावर. दोघांत जास्त शिक्षा कुणाला झाली हे सांगणं कठीण. पोरं खेळात घ्यायची नाहीत, आणि घेतलं तर एकाच कामासाठी: कुलूप म्हणून त्याला दाराशी उभं करायचं आणि बाकीच्यांनी काठ्या घेऊन तोडायला यायचं. आई दोन वर्षांनी गेली. आत्याने सांभाळला, तीही जेवायला वाढताना म्हणायची, “खा बाबा, तुझा काय दोष, बी तसलं.”

असं वाढलेलं पोर दोनपैकी एक काहीतरी करतं. बापाच्या बाजूने जगाशी भांडतं, नाहीतर जगाच्या बाजूने बापाशी. कुलूपने दुसरं केलं, आणि ते त्याला फळलं. शाळेत शिपायाची जागा निघाली तेव्हा जुन्या मुख्याध्यापकांनी चष्म्यावरून बघत विचारलं, “तू त्याचाच ना रे?” हा म्हणाला, “हो सर. पण मला विचाराल तर त्याला चार वर्षं कमीच झाली.” मुख्याध्यापकांनी पेन उचललं. नोकरी बापावर थुंकून मिळाली, पण मिळाली. आणि पुढे ती तशीच टिकवावी लागते हे त्याच्या लवकर लक्षात आलं. दरवर्षी आगीच्या दिवशी मुलांना रांगेने फोटोसमोर आणायचे. जुने इतिहासाचे मास्तर छडीने दाखवून विचारायचे, “यातला शूर कोण? आणि हा कोण?” मुलं ओरडायची, “भित्रा!” आणि रांगेच्या टोकाला उभा असलेला शिपाई मोठ्याने म्हणायचा, “माझा बाप!” हशा व्हायचा. मास्तर पाठीवर थाप मारायचे. “असा असावा माणूस. खऱ्याला खरं म्हणणारा.”

घरी एकच खोली, मागे पडवी. तुरुंगातून आल्यावर बाप पडवीत राहिला, तो शेवटपर्यंत. मुलाने त्याला घराबाहेर काढलं नाही, याचं लोकांना कौतुक होतं. पडवीत काय होतं ते लोकांना दिसत नव्हतं. मुलाने तोच फोटो वर्तमानपत्रातून कापून, पुठ्ठ्यावर चिकटवून, बापाच्या खाटेसमोर खिळ्याला लावला होता. बाप कूस बदलून भिंतीकडे तोंड करून झोपू लागला, तर मुलाने खाट फिरवली. अकरा वर्षं तो बापाशी एक शब्द बोलला नाही, बोलायचं असलं की बायकोला सांगायचा, “विचार त्याला, औषध घेतलं का.” बाप तिथेच, हाताच्या अंतरावर. बायको बापडी दोघांच्या मधे निरोप्या होऊन म्हातारी झाली. एकदाच ती नवऱ्याला म्हणाली, “अहो, झोपेतसुद्धा ते तेच सांगतात. झोपेत कोण कशाला खोटं बोलेल?”

“सवय,” कुलूप म्हणाला. “भिजत घोंगडं आहे ते. वाळू दे.”

शेवटच्या दिवशी बापाने त्याला हाक मारली. बायकोला नाही, त्याला. हा दारात उभा राहिला. म्हाताऱ्याला धाप लागली होती, तरी त्याने वाक्य जुळवलं. “तो मी नव्हतो, असं म्हणू नकोस. नसेल कदाचित, एवढंच म्हण. एकदा.”

तेव्हा अकरा वर्षांनी मुलगा बापाशी बोलला, आणि जे बोलला ते वर आलंच आहे.

तर असा हा कुलूप, बावन्न वर्षांचा, बाप जाऊन चार वर्षं झालेला, शाळेत सगळ्यांच्या विश्वासातला. या वर्षी जुने मास्तर निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी नव्या बाई आल्या. लांबच्या शहरातून आलेल्या, तिशीच्या आतल्या. छडी नाही, आवाज नाही. पहिल्याच आठवड्यात त्यांनी व्हरांड्यातला फोटो उतरवून मागितला.

“मामा, हा वर्गात हवाय मला. पुस्तकात कुणीतरी सांगितलेलं असतं. हा त्या दिवशी तिथे होता.”

“बाई, तो दरवर्षी आम्ही आगीच्या दिवशीच—”

“दरवर्षी मुलांना तो दाखवतात, मामा. त्यांना बघू कोण देतं?”

कुलूपला यातलं काही कळलं नाही. त्याने काच पुसून फोटो दिला. बाईंनी त्याची पारदर्शक कागदावर मोठी प्रत काढून आणली, प्रकाशयंत्रावर ठेवली की भिंतभर उमटेल अशी. खिडक्या बंद करायला, पडदे ओढायला माणूस हवा म्हणून कुलूपलाच नववीच्या वर्गात मागे स्टुलावर बसवलं. मुलांनी आधीच बाईंच्या कानावर घातलं होतं की डावीकडचा म्हणजे मामांचा बाप. बाई गडबडल्या. “मामा, तुम्हाला चालेल ना? नाहीतर मी दुसरा फोटो घेते.”

“छे हो बाई,” कुलूप म्हणाला. “मला सवय आहे.” त्याने मनातल्या मनात त्याचं ते ‘माझा बाप!’ तयारही ठेवलं.

पण ‘भित्रा कोण’ हे बाईंनी विचारलंच नाही. त्यांनी फळ्यावर दोन रकाने आखले. एकावर लिहिलं ‘दिसतं’, दुसऱ्यावर ‘वाटतं’. “आज पहिला रकाना भरायचा. ठाऊक आहे ते सांगायचं नाही. ऐकलंय ते सांगायचं नाही. आजीने सांगितलंय ते तर नाहीच नाही. भिंतीवर दिसतं तेवढंच.”

“एक भित्रा माणूस दिसतो,” मागून एकजण म्हणाला.

“भित्रेपणा दिसतो? कुठे? बोट ठेवून दाखव.”

वर्ग हसला. पोरगा बसला. बाईंनी ‘हात पसरलेला माणूस’ असं लिहिलं. मग हळूहळू रकाना वाढू लागला. कोट. टोप्या. किल्ल्या. पहार. धूर. छप्पर. घड्याळ, सहा वाजून दहा. कुलूप मागे बसून बघत होता. हा फोटो त्याला पाठ होता. तरी या पोरांच्या तोंडून त्याचे तुकडे तुकडे होताना बघून त्याला कसंसंच व्हायला लागलं, कुणी आपल्या घरातलं सामान एकेक करून रस्त्यावर मांडावं तसं.

मग बाईंनी चौकशीच्या अहवालाचं एक पान सगळ्यांना वाटलं. “आता हे वाचा आणि भिंतीशी ताडून बघा.”

पाच मिनिटं कागदांची सळसळ. मग दुसऱ्या बाकावरून एक हात वर झाला. त्या मुलीला वर्गात ‘शंका’ म्हणायचे.

“आली, आली शंका,” कुणीतरी कण्हलं. “आता घंटा होईपर्यंत सुटका नाही.”

“बाई, इथे लिहिलंय की सहाच्या ठोक्याला छप्पर कोसळलं.”

“बरं.”

“फोटोत घड्याळ सहा दहा दाखवतं. आणि छप्पर आहे.”

बाईंचा खडू थांबला. वर्ग भिंतीकडे वळला. छप्पर होतं. धुराच्या मागे, पण सरळ, अख्खं. सेहेचाळीस वर्षं ते तिथे होतं आणि कुणी त्याच्याकडे बघितलं नव्हतं. सगळे डावीकडच्या माणसाकडे बघत होते.

“घड्याळ पुढे असेल,” कुलूप मागून म्हणाला.

सगळ्यांनी वळून बघितलं. मामा वर्गात कधी बोलत नसत.

“असू शकेल,” बाई म्हणाल्या, आणि ‘वाटतं’च्या रकान्यात लिहिलं: घड्याळ पुढे.

शंका बसली नाही. ती भिंतीपाशी गेली, नाक लावून बघू लागली. तिचा बाप शिंपी. लहानपणापासून ती कापडाच्या ढिगात वाढलेली. “बाई, यांचे कोट बघा. उजवी बाजू डावीवर आलीये. बायकांच्या कपड्यांना असते तशी. पुरुषाच्या कोटाची डावी बाजू वर येते.” मग ती वळली. “मामा, जरा उभे राहता?”

कुलूप उभा राहिला. का राहिला हे त्याला कळलं नाही. तीस वर्षं ‘उभा राहा’ म्हटलं की तो उभाच राहत आला होता. त्याच्या अंगावर शाळेचा कोट होता. चाळीस डोळे त्याच्या छातीवर आले, तिथून भिंतीवर, पुन्हा छातीवर.

“यांचा नीट आहे,” शंका म्हणाली. “फोटोतले दोन्ही उलटे.”

“तेव्हा तसेच शिवत असतील,” कुलूप म्हणाला. आवाज जरा चढला. “कारखान्याचा शिंपी, त्याला काय अक्कल—”

“आणि घड्याळसुद्धा त्याच शिंप्याने शिवलं, मामा?”

वर्ग खो खो हसला. बाई हसल्या नाहीत. त्या यंत्रापाशी गेल्या, पण शंकाने त्यांच्या आधी हात घातला, पारदर्शक कागद उचलला, त्याची पाठ वर केली आणि पुन्हा काचेवर ठेवला.

भिंतीवर सगळं जागा बदलून उभं राहिलं. कोटांची डावी बाजू उजवीवर आली. घड्याळाचे काटे सहाला दहा कमी दाखवू लागले. आग लागून पाचच मिनिटं झालेली, छप्पर जागच्या जागी. फोटोग्राफरने घाईत काचेची निगेटिव्ह पालथी लावून फोटो छापला होता. वहीतली ओळ मात्र त्याने खिडकीतून डोळ्यांनी बघून लिहिलेली, ती सरळच होती.

“खालची ओळ वाच,” बाई म्हणाल्या. त्यांनी टेबलावरचा मूळ फोटो तिच्यापुढे धरला.

“डावीकडून,” शंका वाचू लागली आणि मधेच थांबली. डावीकडे आता पहार उगारलेला माणूस उभा होता. तिने त्याच्यावर बोट ठेवलं. “डावीकडून पहिला. दिवसपाळीचा पहारेकरी.”

मग वर्ग फुटला. पोरं बाकांवर चढली. “मामा! मामा, तुमच्या बाबांनी कुलूप तोडलं! तुमचे बाबा तोडत होते!” ज्याने आधी ‘भित्रा’ म्हटलं होतं तो सगळ्यात जोरात टाळ्या वाजवत होता.

कुलूप भिंतीकडे बघत नव्हता. तो फळ्याकडे बघत होता, जणू तिथे अजून काही लिहायला जागा आहे का ते शोधत होता.

“ओळ चुकली असेल,” तो म्हणाला. टाळ्यांत कुणाला ऐकू गेलं नाही. तो ओरडला, “ओळ चुकली असेल! लिहिणारा माणूसच होता ना? त्याने उलटं लिहिलं असेल. मी सांगतो तुम्हाला, माझा बाप, मी बघितलाय त्याला, मी त्याच्याबरोबर राहिलोय. किल्ल्या त्याच्याकडेच होत्या. तो तसलाच होता. विचारा कुणालाही!”

टाळ्या विरल्या. मुलांना वाटलं, मामा आनंदाने असं करताहेत. माणसं आनंदाने रडतात हे त्यांना ठाऊक होतं. आनंदाने बापाला शिव्याही देत असतील.

शंकाला मात्र तो प्रश्न खराच वाटला, आणि खऱ्या प्रश्नाला ती खरंच उत्तर शोधायची. तिने जरा विचार केला. “मामा, पहार लोखंडी, आणि समोर आग. ती तापली असणार. त्यांच्या तळहातांवर काही होतं का? आडवं, सरळ? दोन्ही हातांवर सारखं?”

दोन्ही हातांवर होतं. अंगठ्याच्या बुडापासून करंगळीपर्यंत एकेक गुळगुळीत पट्टा, रेषा पुसून टाकलेला. म्हातारा पाण्याचा पेला दोन मनगटांत धरायचा, कारण बोटं मिटत नव्हती. शेवटच्या वर्षात कितीदा पेला सांडला, आणि कुलूपने बायकोला सांगितलं होतं, विचार त्याला, मुद्दाम करतो का.

“नव्हतं काही,” कुलूप म्हणाला.

शंकाने मान हलवली आणि बाईंना सांगितलं, “मग हे ‘वाटतं’मध्ये लिहा, बाई.”

पण बाईंचं आता रकान्यांकडे लक्ष नव्हतं. डोळे पुसत त्या बाकांमधून मागे आल्या. इतकी वर्षं त्या हेच तर सांगत आल्या होत्या, चित्राला प्रश्न विचारा म्हणजे ते उत्तर देतं. आणि आज ते खरं झालं होतं, एका जिवंत माणसासमोर, त्याच्या घरचा कलंक पुसत. या माणसाच्या हातावर आपण केवढं मोठं काही ठेवतोय, या विचाराने त्यांचा चेहरा उजळला होता. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांच्या मागे सगळा वर्ग उभा राहिला.

“मामा,” त्या म्हणाल्या, “आपण त्यांना इथे बोलावू या. याच वर्गात. ही गोष्ट त्यांना पहिल्यांदा तुम्हीच सांगायची, तुमच्या तोंडाने. कुठे असतात ते?”

मुलांना ठाऊक होतं. दोन-तीन तोंडं उघडली आणि मिटली. शंकाने बाईंचा पदर हलकेच ओढला. बाई मात्र त्याच्याकडेच बघत होत्या, हसऱ्या, ओल्या डोळ्यांनी, उत्तराची वाट बघत.

कुलूपने त्यांचा हात खांद्यावरून अलगद उचलला आणि बाजूला केला. स्टूल पायाने मागे सारलं. बाकांमधली पोरं वाट देत दोन्हीकडे सरकली. पडदा बाजूला करून तो दारातून बाहेर पडला आणि व्हरांड्याने चालत गेला.